मास्टर भगवान : पडद्यावरची मारामारी आणि एक खरी थप्पड

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या गणेशोत्सवातील गोष्ट. गिरगावातील आमच्या चाळीच्या मांडवात रात्री मुलांचे विविध गुणदर्शन होते. मी ज्या कराटे क्लासला जातो, तेथील मुलांनी प्रात्यक्षिके करून दाखवावीत असे ठरले होते. माझ्या वाट्याला जोडीने लढण्याचा भाग आला. जोडीदार माझ्याच वयाचा, वरच्या मजल्यावर राहणारा. आम्ही दोघांनी महिनाभर तालीम केली होती. कोणता हात कधी यायचा, कोणी कधी मागे सरायचे, सारे पाठ होते. पण त्या रात्री समोर माणसे दाटली होती, पोरे मोबाईल उंचावून चित्रीकरण करीत होती, आणि आपली लढाई सिनेमातल्यासारखी खरी दिसली पाहिजे असे वेड माझ्या डोक्यात शिरले. माझी मूठ जेथे थांबायची तेथे थांबली नाही. ती जोडीदाराच्या डाव्या भुवईवर बसली. रक्त आले. आणि नवल म्हणजे त्याच क्षणी मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला! लोकांना वाटले, काय हुबेहूब करतात ही पोरे!

दोन टाक्यांवर निभावले. जोडीदाराने मला क्षमा केली. त्याच्या आईने अजून केली आहे की नाही, कोण जाणे. आमचे सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला दोऱ्याला टांगलेल्या एका कागदापुढे उभे केले. पूर्ण ताकदीने ठोसा मारायचा आणि कागदाला स्पर्श न करता थांबायचे. महिनाभर तेवढेच.

त्या दिवसांत आजोबांनी मला मास्टर भगवान यांची हकिगत सांगितली. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते; त्यांचे वडीलही गिरणीतच होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबांची शाळा लवकर सुटली, पण सिनेमा सुटला नाही. कोणता नट कोणत्या चित्रपटात कुठून उडी मारतो, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. त्यांच्या वडिलांचा सर्वांत आवडता नट होता मास्टर भगवान. आमची पिढी या नटाला ओळखत असेल तर ती फक्त त्याच्या नाचावरून. परंतु नाचाच्या आधी बारा-पंधरा वर्षे हा माणूस पडद्यावर मारामारी करीत होता, आणि त्या मारामारीत एकदा त्याचाही हात थांबला नव्हता, हे मला ठाऊक नव्हते. मग मिळेल ते वाचले, पाहायला मिळाले ते चित्रपट पाहिले. हा लेख त्यातून झाला आहे.

३ मे १९१३ रोजी आमच्या गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, १ ऑगस्ट १९१३ रोजी, अमरावती येथे भगवान आबाजी पालव यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपट आणि भगवानदादा ही एकाच वर्षाची भावंडे म्हणायला हरकत नाही. वडील कापड गिरणीतील कामगार. दादांचे पुढचे सारे आयुष्य मुंबईत गेले. शिक्षण फार झाले नाही. त्यांनी स्वतःही काही काळ मजुरी केली. पण मन सगळे सिनेमात. शरीर कमावलेले होते आणि अंगात धाडस होते. मूकपटांच्या काळात स्टुडिओच्या दारात उभे राहून मिळेल ते लहानसहान काम त्यांनी पत्करले, आणि ते करता करता चित्रपट कसा बनतो हे डोळ्यांनी शिकून घेतले. चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था तेव्हा कुठे होती? स्टुडिओ हेच त्यांचे विद्यालय.

तो काळ साहसपटांचा, म्हणजे ज्यांना लोक स्टंटपट म्हणत त्यांचा होता. अमेरिकेच्या डग्लस फेअरबँक्सने तलवार, दोर आणि उड्या यांनी जगभरच्या प्रेक्षकांना वेड लावले होते. आपल्याकडे मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील साहसपटांचे मोठे नट. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातीलच मॅजेस्टिक थिएटरात लागला, त्याचे नायकही तेच. (हे मॅजेस्टिक १९७२ मध्ये पाडले गेले.) पुढे १९३५ साली वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’त नाडियाबाईंनी चाबूक हाती घेतला. या चित्रपटांना सुशिक्षित समाज नाके मुरडीत असे. पण पाळी संपवून, कापसाची पूस झटकून चार आण्यांच्या बाकावर येऊन बसणाऱ्या माणसाला ते आपले वाटत. दिवसभर मुकादमाचे ऐकून घेणारा माणूस रात्री पडद्यावर जुलमी सरदाराला मार खाताना पाहत होता. त्याचा आनंद आपण समजून घेतला पाहिजे.

१९३८ साली भगवानदादांनी चंद्रराव कदम यांच्याबरोबर ‘बहादुर किसान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तेथून १९४९ पर्यंत त्यांनी अशा स्टंटपटांची रांगच लावली. पासष्ट हजार रुपयांत एक चित्रपट पुरा करायचा, असा त्यांचा हिशेब असे. तेवढ्यात भागवायचे म्हणजे नट तेच, दिग्दर्शक तेच, कलावंतांच्या कपड्यांची आखणी तेच करणार आणि सर्वांच्या जेवणाची व्यवस्थाही तेच पाहणार! एखाद्या कुटुंबातील कर्त्या भावासारखा हा कारभार. पडद्यावर ते बहुधा भोळ्या, साध्यासुध्या माणसाची भूमिका घेत. उंची बेताची, चेहरा चारचौघांसारखा. नायक म्हणून कोणी निवडावा असे रूपात काही नव्हते. म्हणूनच बाकावरच्या माणसाला त्यांच्यात स्वतःचा चेहरा दिसला असावा. १९४१ मध्ये त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. त्याचे संगीत होते सी. रामचंद्र यांचे, हिंदीत ‘सुखी जीवन’ (१९४२) हा चित्रपट देऊन दादांनीच त्यांना पुढे आणले. दोघेही मराठी, दोघेही धडपडे. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली.

आता थोडे मारामारीविषयी. कराटे शिकणारी मुले सिनेमा पाहायला बसली की शेजारच्या प्रेक्षकांना नकोशी होतात. नायकाने ठोसा मारून हात मागे घेतला नाही, लाथ मारताना टाच उचलली, वीस ठोसे खाऊनही खलनायकाला धाप लागली नाही, असे एकेक दोष आम्ही मोठ्याने काढीत असतो. १९७३ मध्ये ब्रूस लीचा ‘एन्टर द ड्रॅगन’ आला तेव्हापासून जगभर हा वाद चालू आहे : पडद्यावरची कोणती लढाई खरी आणि कोणती खोटी? आमच्या क्लासमध्येही दोन पक्ष आहेत. ठोसा लागलाच पाहिजे, त्याशिवाय खरे काय, असे एक पक्ष म्हणतो आणि मासुतात्सू ओयामा यांच्या क्योकुशिन पंथाचा दाखला देतो. तेथे स्पर्धेतही अंगावर पूर्ण ताकदीने मारतात. परंतु त्याच पंथाच्या स्पर्धेत तोंडावर मुठीचा ठोसा मारायला मनाई आहे, हे सांगायला तो पक्ष विसरतो. दुसरा पक्ष आमच्या सरांचा. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ओकिनावाहून तोकियोला नेलेल्या कराटेची परंपरा तो सांगतो. या परंपरेत जोडीने लढताना ‘सुन्दोमे’ असा एक नियम आहे. ‘सुन्’ हे जपानी माप, सुमारे तीन सेंटीमीटरचे. तेवढ्यावर येऊन मूठ थांबवायची. हात हळू मारून थांबवण्यात काही विशेष नाही. पूर्ण वेगाने सोडलेला हात थांबवायचा तर कंबर, पाय आणि श्वास हे सारे एकाच क्षणी एकत्र यावे लागतात. सरांच्या मते मारता येणे ही अर्धी विद्या आणि थांबता येणे ही पुरी.

सिनेमातील मारामारीही याच अर्ध्या वितीवर उभी असते. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या पाठीआड ठेवला की मूठ आणि गाल यांमधील अंतर प्रेक्षकाला दिसत नाही. मग मूठ गालापुढून जाते, आणि मार खाणारा नट नेमक्या क्षणी मान झटकतो, कोलमडतो. आवाज मागाहून भरला जातो. म्हणजे पाहायला गेले तर मारणाऱ्यापेक्षा मार खाणाराच ती लढाई खरी करीत असतो! आमच्या मांडवात हे काम माझा जोडीदार चोख करीत होता. माझ्या मुठीने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, एवढेच.

१९४२ साली ‘जंग-ए-आज़ादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. भगवानदादांच्या समोर होत्या ललिता पवार. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांपासून पडद्यावर होत्या आणि त्या वेळी नायिका म्हणून नावारूपाला आलेल्या होत्या. प्रसंग असा होता की दादांनी त्यांना थप्पड मारायची. स्टंटपटांत तयार झालेला तो हात. तो जोरात बसला. इतका जोरात की ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याजवळील शीर फुटली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. तीन वर्षे उपचार चालले. चेहरा बऱ्याच अंशी सुधारला, पण डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही. ऐन पंचविशी-सव्विशीतील एका नायिकेची नायिकेची वाट त्या एका क्षणात बंद झाली.

हा अपघात होता, दुष्टपणा नव्हता. पण अपघात म्हटल्याने त्याची किंमत कमी होत नाही, आणि ती किंमत मारणाऱ्याने दिली नाही, जिला लागले तिने दिली. ललिताबाईंनी हार मानली नाही. आखडलेल्या डोळ्यासकट त्या पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी चरित्र भूमिकांचे एक वेगळे राज्य उभे केले. खाष्ट सासू म्हटली की आजही त्यांचाच चेहरा आठवतो. ‘श्री ४२०’मधील केळेवाली, ‘अनाडी’तील वरून कडक आणि आतून मायाळू मिसेस डिसा, आणि पुढे दूरदर्शनच्या ‘रामायण’मधील मंथरा. १९९८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्तबगारीचे श्रेय त्या थप्पडीला देण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. श्रेय ललिताबाईंचे, थप्पडीची ती नुकसानीच.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दादांच्या त्या काळातील बहुतेक स्टंटपट आज पाहायला मिळत नाहीत. त्यांच्या शेकडो खोट्या ठोशांचा, उड्यांचा, तलवारींचा आज माग नाही. त्यांचा एकच फटका आपण अजून पाहू शकतो, आणि तो म्हणजे खरा लागलेला फटका. ललिताबाईंच्या १९४२ नंतरच्या कोणत्याही चित्रपटात तो त्यांच्या डाव्या डोळ्यात दिसतो. खरी मारामारी हवी म्हणून हट्ट धरणाऱ्या आम्हा मुलांनी तो डोळा एकदा नीट पाहावा.

त्याच १९४२ साली भगवानदादा जागृती पिक्चर्स ही संस्था काढून निर्माते झाले आणि १९४७ मध्ये त्यांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. गिरणी कामगाराचा मुलगा स्टुडिओचा मालक झाला! स्टंटपट चालत होते, पैसा येत होता. पण राज कपूर यांनी त्यांना एक सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला. दादांनी तो मानला आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. नायिका गीता बाली, संगीत अर्थातच सी. रामचंद्र यांचे. गरीब घरातील प्यारेलाल नावाचा नाटकवेडा तरुण नोकरी गमावतो, घर सोडतो, नट होऊन नाव मिळवतो आणि परत येतो, अशी कथा. मला ती दादांच्याच जीवनाची वाटते. त्या वर्षी सर्वांत अधिक चाललेल्या चित्रपटांत ‘अलबेला’ची गणना झाली. त्यातील गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात.

‘अलबेला’ मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा गाण्यांसाठी, दुसऱ्यांदा आजोबांबरोबर आणि तिसऱ्यांदा कराटेच्या डोळ्यांनी. दादांचा नाच प्रसिद्ध आहे. एक हात किंचित पुढे, गुडघे सैल, पावले जवळजवळ जागच्या जागी आणि चेहऱ्यावर मिस्कील भाव. अमिताभ बच्चन यांच्यापासून कितीतरी नटांनी तो उचलला असे म्हणतात. वरवर पाहता तो अगदी सोपा आहे. पण आम्हाला सर जे रोज ओरडून सांगतात ते सारे त्यात आहे. वजन खाली, खांदे सैल, आधी कंबर आणि मग हात. आणि प्रत्येक हालचाल जेथे थांबायची तेथे थांबते, एक बोटही पुढे जात नाही. ज्याने वर्षानुवर्षे उड्या मारल्या, पडण्याचा सराव केला, त्याचेच शरीर इतके सैल राहू शकते. स्टंटपटांत तयार झालेला तोच देह, तोच हात. पण येथे समोर मार खाणारा कोणी नाही. त्यांच्या साऱ्या मेहनतीचे सर्वांत खरे दर्शन मला मारामारीत नव्हे तर या नाचात घडले. परीक्षक म्हणून मला बसवले तर मी त्यांना ‘अलबेला’साठी काळा पट्टा देईन.

‘अलबेला’नंतर मात्र दैव फिरले. १९५३ मध्ये हेच त्रिकूट ‘झमेला’ घेऊन आले, पण तो तितका चालला नाही. १९५६ मध्ये किशोर कुमार यांच्याबरोबर ‘भागम भाग’ काढला. त्यानंतर काम आटत गेले. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला होता, आठवड्याच्या सात दिवसांच्या सात मोटारी होत्या. एकेक करून सारे विकावे लागले. स्टुडिओही गेला. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ यांसारख्या मोठ्या चित्रपटांत लहान भूमिका मिळाल्या. पुढे पुढे तर गर्दीतला एखादा क्षण, एखादी गिरकी, एवढ्यावर समाधान मानावे लागले. ज्या माणसाने शेकडो जणांना जेवू घातले त्याच्याकडे फार थोडे मित्र येत राहिले. सी. रामचंद्र, ओम प्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण हे त्यांतील. बंगल्यातून ते दादरच्या चाळीत आले. ज्या कामगार वस्तीतून ते वर चढले होते, तेथेच परत.

या पडझडीच्या कथा सांगताना लोक हळहळतात. आजोबा मात्र हळहळत नाहीत. त्यांचे म्हणणे वेगळे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे त्यांच्यासारख्या हजारोंचे काम कायमचे गेले. तेव्हा एका सकाळी सर्व काही जाते म्हणजे काय, हे गिरणगावाला कोणी शिकवायला नको होते. आपला आवडता नट आपल्याच वस्तीत, आपल्यासारख्याच खोलीत राहतो आणि तरी गणपतीच्या मिरवणुकीत वाजंत्री त्याच्या दारासमोर थांबली की हसत दोन पावले नाचून दाखवतो, हे पाहून माणसांना धीर येत असे. आजोबांनी असे त्यांना एकदा नाचताना पाहिले आहे. वय झाले होते, देह जड झाला होता, पण हात जेथे थांबायचा तेथेच थांबत होता, असे ते सांगतात.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादर येथील घरी हृदयविकाराच्या झटक्याने भगवानदादांचे निधन झाले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई यांनी दादांची भूमिका केली. नव्या पिढीला त्यामुळे त्यांचे नाव पुन्हा कळले.

असो. एका थोर माणसाच्या हातून घडलेली चूक उगाळण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. गिरणी कामगाराच्या घरातून निघून त्यांनी जे उभे केले ते आमच्यासारख्या घरांतील मुलांना अभिमान वाटावा असेच आहे. पण त्यांच्या आयुष्याकडे पाहताना मला माझ्यापुरते एक कळले. मांडवात मला टाळ्या मिळाल्या त्या माझ्या चुकीला मिळाल्या. महिनाभर आम्ही दोघांनी जी खोटी लढाई बसवली होती, तीच आमची खरी विद्या होती.

यंदाच्या गणेशोत्सवात पुन्हा प्रात्यक्षिके आहेत. जोडीदार पुन्हा माझ्यासमोर उभा राहायला तयार झाला आहे. त्याच्या डाव्या भुवईत बारीकशी पांढरी रेघ उरली आहे. तेवढ्या जागी केस उगवत नाहीत. तालमीत माझी मूठ सुटते तेव्हा मी त्या रेघेकडे पाहतो. कालपर्यंत ती रोज तिच्यापासून दोन बोटांवर थांबली आहे.